न झालेली विहीण

त्या वर्षी मला एका जागी बसवतच नव्हतं. भेस्तानच्या घरात साड्यांवर खडे चिकटवता चिकटवता मधेच उठायची, दार उघडायची, पुन्हा लावायची. झोप लागली की तासाभरात घामाने भिजून मोडायची. कारण नसताना रडू यायचं. नवऱ्याला वाटायचं, लेकीच्या लग्नाची काळजी लागलीय. नणंद म्हणाली, "बाहेरचं असेल काही, दाखवून घे."

अशात लेकीला बघायला बारडोलीहून पाहुणे आले. मी पोह्यांच्या बश्या देत होते आणि एकदम छातीपासून कानापर्यंत आग उठली. मुलाचे काका काहीतरी विचारत होते. बशी तशीच खाली ठेवून मी मोरीत गेले, नळाखाली डोकं धरलं.

मागून मुलाची आई आली. वाटलं, मोडलं स्थळ. बैठकीत मला 'तुम्ही' म्हणणारी ती दार लोटून हळूच गावाकडच्या बोलीत म्हणाली, "काय व्हयनं तुले, माय? पाळी बंद झाली का?"

"वर्ष होत आलं."

"झोप?"

मी रडायलाच लागले. तिने पदराने माझे केस पुसले. "माझंही असंच झालेलं. जगणं नको वाटायचं. डॉक्टरीणबाईंनी हार्मोनचं औषध दिलं. चल, मी येते सोबत."

ती खरंच आली. घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर होता का, कधी पायात रक्ताची गाठ झाली होती का, हे सगळं विचारून, तपासण्या करून डॉक्टरीणबाईंनी दंडाला चोळायचं जेल आणि रात्रीची गोळी दिली. "उदासी गेली नाही तर तिचे वेगळे उपचार करू. लपवायचं नाही."

सुरुवातीला काहीच फरक नाही. उलट स्तन जड होऊन ठणकायचे. मी तिला फोन करून भांडले. ती म्हणाली, "डॉक्टरला सांग. तोवर मला शिव्या दे." डॉक्टरीणबाईंनी औषधाचं प्रमाण बदललं. मग हळूहळू आग उठणं कमी झालं आणि एकदा थेट सकाळीच जाग आली. मी घाबरून नवऱ्याला हलवलं, "अहो, मी झोपले होते!"

लेकीने मात्र त्या मुलाला नकार दिला. दोन्हीकडच्या पुरुषांचं बोलणं तुटलं. आमचं दोघींचं चालू आहे. रडू आता क्वचित येतं. पायांची चुळबुळ अजून पुरती गेली नाही. फारच झालं की बारडोलीची बस पकडते. ती भाजी निवडत बसलेली असते, मी तिच्या अंगणात फेऱ्या मारत बोलते.