सोळा घरांना कळलेली धूळ

त्या वर्षी भाईंदरला आमच्या इमारतीभोवती पाच इमारती एकदम उभ्या राहत होत्या. धूळ इतकी, की कावळे कठड्यावर बसण्याआधी पंखाने जागा झटकून घ्यायचे. हे मी स्वतः पाहिलंय. आई दिवसातून चारदा घर पुसायची, आणि मी आतल्या खोलीत पीएचडीसाठी परक्या ताऱ्यांभोवतीची धूळ शोधत बसायचो. तिला माझं काम पटायला दोन वर्षं गेली.

काम तसं सोपं. तरुण ताऱ्याभोवती ग्रहांच्या बांधकामातले दगडधोंडे एकमेकांवर आपटतात, धूळ उडते, ताऱ्याच्या उबेने तापते आणि अवरक्त प्रकाशात दिसते. अवकाशातल्या दुर्बिणीने मोजलेल्या प्रकाशातून ताऱ्याचा स्वतःचा वजा करायचा. वर काही उरलं तर धूळ. चाळीस ताऱ्यांत काही उरलं नाही. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्यावर अडलेलं. एकेचाळिसाव्यात उरलं, तेही भरपूर.

मी सरांना मेल केली आणि आईला सांगितलं. यातली दुसरी गोष्ट चुकली. सरांचं उत्तर यायच्या आत सोळा घरांत पेढे पोचले होते.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. सरांनी जमिनीवरच्या मोठ्या दुर्बिणीतून काढलेलं, जास्त बारीक दिसणारं चित्र पाहिलं होतं. ताऱ्याच्या जरा बाजूला, खूप खूप मागे एक आकाशगंगा होती. आमच्या दुर्बिणीला दोन्ही मिळून एकच ठिपका दिसलेला; वर उरलेला प्रकाश त्या आकाशगंगेचा.

आईने फडकं पिळत ऐकून घेतलं.

"म्हणजे तिथे धूळ नाही?"

"आहे. पण दुसऱ्याची."

"मग जा, सांगून ये सगळ्यांना."

"आई, कोणाला काय कळणार आहे त्यातलं?"

"पेढे कळले ना?"

गेलो. पंधरा घरांनी माझं सांत्वन केलं, दोन ठिकाणी चहासकट. सोळावं घर तळमजल्यावरच्या गुजराती काकांचं. त्यांचा स्टीलच्या भांड्यांचा कारखाना होता.

"चालीस में भी कुछ नहीं मिला?" त्यांनी विचारलं.

"नहीं, अंकल."

"ठीक से देखा था?"

"एकदम ठीक से."

"तो वही लिख ना. हम रिजेक्ट माल भी अलग रखते हैं, फेंकते थोड़ी हैं."

मी तेच लिहिलं: या ताऱ्यांभोवती आमच्या दुर्बिणीला दिसेल इतकी धूळ नाही, आणि मागची आकाशगंगा माणसाला कसं फसवते. सरांनी प्रकरण ठेवलं. आईला मात्र हे पदवी हातात पडल्यावरच सांगितलं.