पित्ताची गोळी

आठ वर्षांपासून मी उदासीची गोळी घेतो आणि आठ वर्षांपासून आमच्या घरात तिला पित्ताची गोळी म्हणतात. हे बारसं बायकोनं केलं. डॉक्टरांनी पहिल्यांदा चिठ्ठी लिहून दिली त्या दिवशी आम्ही नागपूरहून पॅसेंजरनं परत येत होतो. सेवाग्राम यायच्या आत तिनं ठरवून टाकलं, कुणी विचारलं तर पित्त. मला पित्त खरंच होतं, त्यामुळे फार खोटं बोलतोय असंही वाटलं नाही. तेव्हापासून दर दोन महिन्यांनी मी 'ऑफिसच्या कामानं' नागपूरला जातो. असे डॉक्टर वर्ध्यातही आहेत, पण त्यांच्या दारात उभं राहिलं की आमच्या बोरगाव मेघेतलं कुणी ना कुणी समोरून जाणारच.

लोकांचं निमित्त होतं. खरं लपवायचं होतं ते ताईपासून. माझी ही बहीण माझ्याहून बारा वर्षांनी मोठी, देवळीला दिलेली. आई लवकर गेली, मला वाढवलं तिनंच. आमचे वडील दिवसच्या दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे, कापूस वेचायला आला तरी उठायचे नाहीत. शेत, चूल आणि मी, सगळं ताईच्या अंगावर पडलं. वडील जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण त्यांच्याबद्दल तिच्या तोंडी एकच शब्द असतो, आळशी. आणि चार पाहुणे बसले की माझ्याकडे बोट दाखवून अभिमानानं सांगते, माहा भाऊ बाबासारखा नाई. आता हिला काय सांगणार?

उदासीपेक्षा जास्त दमवतो तो गोळीचा रोजचा क्रम, हे कुणी सांगत नाही. सकाळी चहा, चहानंतर गोळी. बरं वाटलं तरी गोळी, नाही वाटलं तरी गोळी. गेल्या उन्हाळ्यात तर ती घेऊनही काही होईना. झोप तुटायला लागली. ऑफिसात फाईल उघडायचो आणि साहेब समोरून जाईपर्यंत त्याच पानावर असायचो. खरं तर डॉक्टरांना फोन करायला हवा होता. पण पुन्हा नागपूर, पुन्हा तो बाक, पुन्हा 'कसं वाटतंय' आणि पुन्हा माझं 'ठीक आहे'. मला त्या सगळ्याचा वीट आला होता.

त्याच सुमारास माझ्या टेबलाशेजारच्या सहकाऱ्यानं एक डबी आणून दिली. झोपेसाठी तो स्वतः घेत होता. ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल, दुधात आणि शेंगदाण्यात असतं तेच, हे काही औषध नव्हे, असं तो म्हणाला. मी बाबू माणूस, कागद हातात आला की शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. डबीवर बारीक इंग्रजीत लिहिलं होतं की उदासीच्या गोळ्या सुरू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. ते मी वाचलं आणि पुढे गेलो. आठ वर्षं पित्ताची म्हणून म्हणून ती माझ्याही डोक्यात पित्ताचीच झाली होती. दुसऱ्याला फसवता फसवता माणूस इतका कसा फसतो, याचा मला अजून राग येतो.

पहिले काही दिवस एक कॅप्सूल घेतली, फरक पडेना म्हणून दोन, मग तीन. डबी ऑफिसच्या बॅगेतच ठेवायचो. घरात एक गोळी लपवायला बायकोची मदत होती, ही मी एकट्यानं लपवली.

मे महिन्यातला रविवार होता. ताई कैऱ्यांची पिशवी घेऊन दोन दिवसांसाठी आली होती. जेवण झालं आणि कूलरसमोर बसल्याबसल्या मला घाम फुटला, शर्ट निथळायला लागला. पोट बिघडलं. हात थरथरू लागले, छाती धडधडायला लागली, एका जागी बसवेना. आदल्या दिवशी भरदुपारी मी उघड्या डोक्यानं बाजारात गेलो होतो, त्यामुळे ताईला विचार करायचं कारणच पडलं नाही. तुले ऊन लागलं, ती म्हणाली आणि कामाला लागली. डोक्यावर ओला दुपट्टा, तळपायाला कांद्याचा रस आणि वर पन्ह्याचा ग्लास. आमच्याकडे मे महिन्यात माणसाला दुसरं काही होऊच शकत नाही. तिनं पाय इतक्या मायेनं चोळले की मला रडू येत होतं. बॅगेतली डबी मला आठवत होती, तरी मी गप्प राहिलो.

माझं पाऊल आपोआप उडतंय हे बायकोनं पाहिलं. तिनं ऑटो बोलावला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात उन्हाचेच रोगी होते. तरुण डॉक्टरीण बाई आल्या. त्यांनीही मला त्या रांगेत घातलं असतं तर मी काही बोललो नसतो. पण त्या थांबल्या. गुडघ्यावर छोटी हातोडी मारून पाहिली, पाय ताडकन उडाला. पाऊल वर दाबून धरलं तर ते त्यांच्या हातातच झटके देत राहिलं. कोणती औषधं सुरू आहेत, त्यांनी विचारलं.

"फक्त पित्ताची गोळी," बायको म्हणाली. इतकी सवय झाली होती तिला. आणि ताई शेजारीच उभी होती, ओला दुपट्टा हातात धरून.

बाईंनी आता मला विचारलं. आणखी काही? पावडर, कॅप्सूल, जडीबुटी?

मी ताईकडे पाहिलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला मरणाची भीती कमी वाटली आणि तिच्या चेहऱ्याची जास्त. पण पाय माझा होता आणि तो थांबत नव्हता.

"ते पित्ताची नाई, मॅडम," मी म्हणालो. "उदासीची हाय. आठ वर्स झाले घेऊन राह्यलो. अन् पंधरा दिवसापासून वरून ट्रिप्टोफॅन. काल तीन घेतल्या, आजबी तीन."

बायकोनं तोंडावर पदर धरला. ताईनं हातातला दुपट्टा माझ्या उशाशी ठेवला. बाईंनी पटापट कामं सांगितली. सलाईन लागलं, गुंगीचं इंजेक्शन दिलं, दोन्ही औषधं त्यांच्या सांगण्यावरून तूर्त बंद झाली. दोन्ही मिळून मेंदूत एकच रसायन वाढवतात आणि ते माझ्यात फार वाढलं होतं, एवढं मला कळलं. घरी आणखी दोन-चार तास कांदा चोळत बसलो असतो तर काय झालं असतं, तेही त्यांनी सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही.

दोन दिवस दवाखान्यात होतो. ताईनं पाणी दिलं, उशी सारखी केली, पण त्या विषयावर एक शब्द काढला नाही. मला तिचा राग आला, बायकोचा आला, स्वतःचा तर होताच, आणि रागावण्याचंही त्राण नव्हतं. घरी आल्यावर बायकोनं पित्ताच्या औषधाच्या जुन्या डबीत लपवलेलं गोळ्यांचं पाकीट बाहेर काढून फडताळात उघड्यावर ठेवलं.

नागपूरला जायचं होतं तेव्हा ताई म्हणाली, मीबी येतो. नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

डॉक्टर रागावले, पण थकलेल्या माणसावर रागवावं तेवढंच. जेवणाखेरीज तोंडात जे जाईल ते कागदावर लिहायचं आणि तो कागद त्यांना दाखवायचा. गोळी आता पुन्हा सुरू करायची, आपल्या मनानं ती थांबवायची नाही, चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. ट्रिप्टोफॅन काही विष नाही, ते म्हणाले, एखाद्याला मीही देतो, पण माझ्या मापानं आणि माझ्या नजरेखाली. मग त्यांनी जुना कागद काढला. घरात आणखी कुणाला हा त्रास होता का, हे त्यांनी आठ वर्षांपूर्वीही विचारलं होतं आणि मी नाही म्हणालो होतो. आता त्यांनी पुन्हा विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत ताई बोलली.

"आमच्या बाबाले होतं." मग ती पदराचं टोक दुमडू लागली. "भितीकडं तोंड करून पडून राहे. मले वाटे, आळशी हाय. मी लय बोलली त्याले, साहेब. जेवाच्या ताटावर बोलली."

डॉक्टर लिहायचे थांबले.

"तवा ह्या गोळ्या होत्या काय?" तिनं विचारलं.

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "हुबेहूब ह्याच नाही," ते म्हणाले. "पण होत्या."

ताईनं मान हलवली. परतीच्या पॅसेंजरमध्ये खिडकीची जागा मिळाली, तिला बसवलं. थोड्या वेळानं तिनं माझ्या पिशवीतून गोळ्यांचं पाकीट मागून घेतलं आणि वर्धा येईपर्यंत ते दोन्ही हातांत धरून बसली.