धावपट्टीवरचा अनवाणी माणूस

चंद्रपूरजवळच्या आमच्या धावपट्टीवर विमान क्वचितच उतरतं. एरवी तिथं गुरं चरतात. तिथल्या चौकीदाराला मी एकदाच भेटलो, मे महिन्यातल्या रखरखत्या दुपारी.

बाबांना हैदराबादच्या दवाखान्यात न्यायला एअर अ‍ॅम्ब्युलन्स येणार होती. बाबा गाडीत धापा टाकत पडले होते. चौकीदारानं आधी गुरं हाकलली. मग चपला कडेला काढून ठेवल्या आणि तापलेल्या डांबरावरून सावकाश, नागमोडी चालत निघाला. मधेच वाकायचा, काहीतरी उचलून खिशात टाकायचा. माझा संयम सुटला.

"अहो, लवकर आटपा! आणि चपला कशाला काढल्या?"

"खळ्यावर धान टाकाच्या पयले आमी असेच चालतो, भाऊ," तो न थांबता म्हणाला. "डोयाले दिसत नाई तो खडा पायाले सापडते."

विमान उतरलं. आईबाबांना घेऊन लगेच उडालंही. आम्ही सगळे माना वर करून बघत राहिलो. तो मात्र खाली बसून तळपायांवर पाणी ओतत होता. शेजारी चपला होत्या, मूठभर खडे होते आणि एक गंजका बोल्ट.

आणि मी त्याला 'लवकर' म्हणालो होतो.