आइंडहोवन : आल्यागेल्यांचं गाव

अ‍ॅमस्टरडॅमहून सुटलेली गाडी धुक्यातून चालली होती. सपाट कुरणं, काठोकाठ भरलेले कालवे, आणि मधूनच पाय नसल्यासारखी अधांतरी उभी असलेली एखादी गाय. "अगं मृणाल, ती गाय बघ!" मी लेकीला म्हणाले. समोरच्या बाईंनी हसून काचेवरच्या अक्षरांकडे बोट दाखवलं. 'स्टिल्टे' (शांतता). तो न बोलण्याचा डबा होता. मग आम्ही मायलेकी आइंडहोवनपर्यंत खुणांनीच बोललो.

मृणाल फिजिओथेरपिस्ट. जावई निखिल कॉम्प्युटरच्या चिप घडवणारी यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. त्याच्या मागोमाग ती इथे आली, आणि डच शिकण्यात, कामाची परवानगी मिळवण्यात तिची वर्षं घरातच गेली. आता नोकरीसाठी एका वृद्धाश्रमात तिला दिवसभर काम करून दाखवायचं होतं.

"नाही जमलं ना आई, तर मी तुझ्याकडे इचलकरंजीला येते. दवाखाना काढते," घरी पोचल्यावर ती म्हणाली. निखिलचं काय, हे तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. खोटं कशाला सांगू, मला ती यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी गाव पाहिलं. एके काळी इथे विजेचे बल्ब बनत. आता त्या जुन्या कारखान्यांत घरं आणि कॅफे झाले आहेत. उंच खिडक्यांमधून उजेड असा झिरपत होता, की आपण कुणाच्या तरी आठवणीतून चाललोय असं वाटावं. सायकलींवरून तरुण चेहरे वाहत होते. तमिळ, तुर्की, पोलिश बोलणारे, "अरे, मीटिंग पुढे ढकलली का?" असं सिग्नलला मराठीत विचारणारेही. म्हातारी माणसं मात्र फारशी दिसेनात.

ती माणसं मृणालच्या कामाच्या दिवशी वृद्धाश्रमात भेटली. मृणाल आत गेली, मी तळमजल्यावरच्या कॅफेत सफरचंदाचा गरम पाव खात बसले. थोड्या वेळानं तिनं चाकांच्या खुर्चीतून एका उंच आजींना आणलं. मेव्राऊ (बाईसाहेब) तोस. पडल्यापासून त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. मृणाल त्यांना डचमध्ये समजावत होती. आजी गावाकडच्या बोलीत काहीतरी पुटपुटल्या. मृणालला ते कळेना. तिनं पुन्हा विचारलं, पुन्हा कळेना. तिचे कान लाल झाले. खिडकीशी उभ्या वृद्धाश्रमाच्या मुख्य बाई तिचं काम पाहत होत्या.

आता ही घरी येणार, असं माझ्या मनात आलं. आणि लगेच तिच्या खाली गेलेल्या मानेकडे पाहून वाटलं, अशी नको.

तेवढ्यात आजींची नजर माझ्यावर पडली. "मूडर?" त्यांनी मृणालला विचारलं. आई का?

"हो, माझी आई. भारतातून आलीय."

आजी बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी खुर्चीचे दांडे धरले. मी न ठरवताच उठले, दोन्ही हात पुढे केले आणि मराठीतच म्हणाले, "या, या, सावकाश." मृणालनं कमरेला आधार दिला. बाहेरच्या धुक्यातून ऊन उतरावं तशा आजी हळूहळू माझ्यापर्यंत आल्या. त्यांचे हात गार होते. या हातांनी त्यांनी तरुणपणी बल्बच्या तारा जोडल्या होत्या, असं आजी आता सावकाश म्हणाल्या, आणि मृणालनं ते मला मराठीत सांगितलं. मुलंबाळं कुठे, असं मी मृणालकरवी विचारलं. "एक मुलगा. ऑस्ट्रेलियात," आजी म्हणाल्या, आणि माझे हात सोडेनात.

संध्याकाळी मृणालला होकार आला. निखिलनं पुरणपोळीची फर्माईश केली. गोडाच्या घमघमाटात त्या दोघांचं हसू कितीतरी दिवसांनी एकत्र ऐकलं.

परतीच्या विमानात मी रडले, थोडी सुखानं, थोडी नाही. तिथल्या आजींना माझी लेक उठवणार, चालवणार. माझे गुडघे घरी कुरकुरणार.

इचलकरंजीत एसटीतून उतरले तेव्हा यंत्रमागांचा खडखडाट कानांत भरला. चहाच्या टपरीवर ओडिशातून आलेले कामगार बसले होते. इतकी वर्षं मी त्यांच्या शेजारून चालत गेले होते, थांबले कधीच नव्हते.

"घर में कौन कौन है?" एकाला विचारलं.

तो जरा दचकला. "माँ है," म्हणाला, आणि सरकून बाकावर जागा केली.

मी पिशव्या खाली ठेवल्या आणि बसले. "उनके बारे में बताओ," म्हणाले.