प्रेसचं तेल

माझ्या नवऱ्याने माझ्या भावाचा दात पाडला तो क्लचच्या रबरावरून. शेतावरून, बाईवरून माणसं एकमेकांचे दात पाडतात हे सगळ्यांना समजतं. रबरावरून म्हटलं की लोक आधी हसतात. मला अजून हसू येत नाही, कारण त्या दाताबरोबर माझं माहेर हलायला लागलं होतं.

माहेर धारचं. आमचे पूर्वज संस्थानच्या चाकरीत होते, चाकरी गेली आणि मराठी तेवढी उरली. घरात 'यावे, बसावे', दाराबाहेर माळव्याच्या हिंदीत 'आओ भिया'. आईवडील गेल्यावर दादाने बसस्टँडजवळ मोटारच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान काढलं, वरच्या मजल्यावर घर. तेव्हा माहेर म्हणजे दादा आणि वहिनी, एवढंच. नवरा नगरकडचा. देवासच्या कारखान्यात टूलरूमला होता, हाताला कसब आणि डोक्यात राख. माझ्यावर त्याने कधी हात टाकला नाही, भांड्यांवर मात्र टाकला. लग्नातली निम्मी भांडी पोचे पडलेली आहेत.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा त्याने सेकंडहँड डिझेल गाडी घेतली, दहा माणसं बसतील अशी. माणसं आम्ही तीन: तो, मी आणि आमची मुलगी. पण कॉलनीत सगळे स्कूटरवाले आणि गाडीवाला हा एकटा, तो रुबाब त्याला हवा होता. गाडीचा क्लच जळालेला निघाला. कंपनीचा ओरिजनल माल इंदूरहून आणावा लागे. दादा म्हणाला, मार्केटचा घ्या, अर्धा माळवा त्यावरच चालतो. प्लेट, सिलिंडर, पाइप, सगळा संच घेऊन एका रविवारी तो स्वतः देवासला आला.

या गाडीच्या क्लचला तार नव्हती, तेल होतं. पेडल दाबलं की वरच्या छोट्या सिलिंडरमधलं तेल पाइपातून खालच्या सिलिंडरला ढकलतं आणि इंजिन चाकांपासून सुटतं. ते तेल अडवून धरतात ती रबराची वॉशरं, रुपयाच्या नाण्याहून लहान. ती गेली की पेडल सरळ जमिनीला टेकतं, गाडी गिअरमध्ये अडकते आणि मग ज्याचा जो देव असेल तो.

मेकॅनिककडे जाणं नवऱ्याला कमीपणाचं वाटे. क्वार्टरसमोर चटई टाकून त्याने सगळं आपल्या हाताने बसवलं. टूलरूमचा नियम होता, कोरडं रबर कधी बसवायचं नाही. प्रत्येक वॉशर तेलात बुडवून मगच आत. तेल कारखान्यातून आणलेलं, हायड्रॉलिक प्रेसचं, मधाच्या रंगाचं. वरच्या टाकीतही तेच ओतलं. शेजाऱ्यांना सांगत होता, "जे तेल अख्खी प्रेस उचलतं, त्याला हा चिमुकला क्लच काय जड आहे?"

दादाने तो डबा सहज उचलून नाकाशी नेऊन बघितला. तेवढ्यावरून नवरा म्हणाला, दुकानदाराने डबे विकावेत, मशीन आमच्यावर सोडावं. शेजारी हसले. दादाने चहा अर्धा ठेवला आणि लवकरची बस धरली. मी नवऱ्याला खूप बोलले. तो म्हणाला, थट्टा केली, एवढं काय.

पहिल्यांदा पेडल बसलं ते इंदुरात, भर चौकात. गाडी गिअरमध्येच बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले तसा याने घाईघाईने चावी फिरवली आणि गाडी उडी मारून समोरच्या स्कूटरवर गेली. स्कूटरवाला पडला, उठला, म्हणाला, "नीचे उतर भिया." नवरा उतरला तो सीटखालची टॉमी, चाक खोलायची लोखंडी कांब, हातात घेऊनच. त्याने त्या माणसाच्या मांडीवर टॉमी मारली, त्या माणसाने याच्या नाकावर हेल्मेट मारलं. लोकांनी दोघांना ओढून वेगळं करेपर्यंत दोघांचे शर्ट फाटले होते. मुलगी मागच्या सीटखाली जाऊन बसली होती आणि देवास येईपर्यंत वर आली नाही. नवऱ्याने क्लचशिवाय गाडी घरी आणली, दर गिअरला एक शिवी.

घरी येऊन सिलिंडर उघडला तर रबर फाटलेलं. धारला फोन गेला. दादाने दुसऱ्याच दिवशी बसच्या कंडक्टरबरोबर रबरांचं नवं किट पाठवलं, एका शब्दाने वाद घातला नाही. माझा भाऊ किती समजूतदार, असं मला वाटलं आणि मी ते नवऱ्याला दहा वेळा ऐकवलं. नवं रबर आलं, प्रेसच्या तेलात बुडालं, आत गेलं.

पुढच्या खेपेला बागलीच्या रस्त्यावर तेच. तिथे एका ट्रॅक्टरवाल्याशी जुंपली, याच्या भुवईला टाके पडले. पुन्हा फोन, पुन्हा किट. आता नवरा उघड म्हणायला लागला की तुझा भाऊ डुप्लिकेट माल गळ्यात मारतोय, बहिणीच्या नवऱ्याला बनवतोय. मी म्हणायचे, माझा भाऊ असा नाही. रोज जेवताना हेच. एकदा वरणाचं पातेलं भिंतीवर गेलं, एकदा मीच ताट फेकलं.

भाऊबीजेला आम्ही धारला निघालो. घाटाबिल्लोदच्या अलीकडे, उतारावर, पुढे सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेला ट्रक. ट्रक हळू झाला, याने क्लच दाबला आणि पाय खालीच राहिला. गिअर सुटेना, इंजिन गाडीला पुढे रेटत राहिलं, ब्रेक लागेपर्यंत आमचं बॉनेट ट्रकखाली गेलं होतं. काच माझ्या मांडीवर. मुलीचं कपाळ पुढच्या सीटच्या दांड्यावर आपटलं आणि भुवईपासून केसांपर्यंत उघडलं. मी पदराने ते दाबून धरलं, पदर लगेच भिजला. ती रडत नव्हती, त्याचीच मला भीती वाटली. नवऱ्याने आधी गाडीला लाथा घातल्या. मग पाना काढून क्लचचा वरचा सिलिंडर उखडला आणि तो हातात घेऊनच दुसऱ्या एका ट्रकला हात केला.

त्या ट्रकवाल्याने आम्हाला धारच्या बसस्टँडवर सोडलं. दादा नवा कुर्ता घालून दुकानाच्या शटरपाशी आमची वाट बघत उभा होता. नवरा त्याच्याकडे चालत गेला आणि त्या सिलिंडरनेच त्याच्या तोंडावर मारलं. दात फुटपाथवर पडलेला मी पाहिला. दादाने खाली वाकून दुकानातली स्प्रिंगची लोखंडी पट्टी उचलली आणि याच्या खांद्यावर घातली. मग दोघं जमिनीवर. एकाचं रक्त कुठलं आणि दुसऱ्याचं कुठलं, कळत नव्हतं. पानवाला ओरडत होता, "छोड़ दो भिया, मर जाएगा." वहिनी जिन्यात ओवाळणीची तयारी तशीच हातात धरून उभी. मी मुलीला घेऊन एकटी रिक्षाने दवाखान्यात गेले.

आठवड्याभरात वहिनीचा शेजाऱ्यांकडे फोन आला. दादाचा निरोप होता: तुझ्या नवऱ्याने येऊन पाय धरले तर दार उघडं, नाहीतर तूही येऊ नकोस. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, भेसळीचा माल देणाऱ्याचे पाय? मरेन पण धरणार नाही. मी दोघांच्या मधे, कात्रीत. दादाशिवाय मला मागे कोणी नव्हतं. भांडून जायचं म्हटलं तरी जायला एक घर लागतं.

कुकरची रिंग तेलकट राहिली की ढिली होते, झाकणाला बसत नाही, हे कुठल्याही बाईला माहीत असतं. भांडी घासताना माझ्या डोक्यात ते आलं. गाडीतून निघालेलं जुनं वॉशर आणि किटमधलं उरलेलं नवं वॉशर मी शेजारी शेजारी ठेवलं. जुनं मोठं होतं. रबर झिजतं, वाढत नाही. मग मी दोन नवी वॉशरं घेतली. एक वाटीत प्रेसच्या तेलात टाकलं, दुसरं कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून मागून आणलेल्या ब्रेक ऑइलमध्ये, ते लोक अशा क्लचला तेच घालतात. थोडे दिवस कपाटात ठेवून काढलं तर प्रेसच्या तेलातलं फुगून मऊ पडलेलं, बोटाने तुटलं. दुसरं जसंच्या तसं.

दोन्ही नवऱ्यासमोर ठेवली. त्याने वाटी भिंतीवर फेकली. मी म्हटलं, फेका, पण आधी मोजा. मोजमापापुढे तो माणूस वाकायचा, एवढं मला ठाऊक होतं. सकाळी त्याने व्हर्निअर काढला आणि मोजलं, पुन्हा मोजलं. कारखान्यातल्या प्रेसची रबरं वेगळ्या जातीची, त्यांना ते तेल मानवतं. याने सगळ्या रबरांची एकच जात समजली. त्याने व्हर्निअर पुसून डब्यात ठेवला. मग म्हणाला, "पोरीचं कपाळ मी फोडलं." आणि म्हणाला, चल धारला, पाय धरतो.

आमच्याकडे राहिलेली भाऊबीज तुळशीच्या लग्नापर्यंत करतात. त्या दिवशी आम्ही बसने गेलो. वहिनीने पाट मांडला, रांगोळी काढली, तबक माझ्या हातात दिलं. नवऱ्याने खाली वाकून दादाचे पाय धरले आणि म्हणाला, चूक माझी, तेल माझं, तुमचा माल चांगला होता. तो इतका वाकलेला मी कधी पाहिला नव्हता. मला रडू आलं. माहेर वाचलं असं वाटलं.

दादा हसला, ओठ अजून वाकडाच होता. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. डबा हुंगला तेव्हाच. म्हटलं, मशीनवाला आहे ना, शिकू दे रस्त्यावर."

मी विचारलं, नंतरची किटं पाठवलीस तेव्हाही तुला माहीत होतं? हो म्हणाला. तो ऐकणारा माणूस आहे का, असंही म्हणाला.

"मला सांगायचं होतंस."

"तुला सांगितलं असतं तर तू त्याला सांगितलं असतंस."

मी तबक खाली ठेवलं आणि दात गेलेल्या बाजूला त्याच्या थोबाडीत मारली. पुन्हा मारली. वहिनीने मला ओढलं, नवऱ्याने माझं मनगट धरलं. मी त्यांनाही ढकललं. दादा गाल धरून पाटावरच बसला होता. बहीण असून माझ्यावर हात उचलतेस, म्हणाला.

"गाडीत मी बसत होते, दादा. मागे तुझी भाची बसत होती."

तो म्हणाला, पण त्याने मला चार लोकांत काय ऐकवलं होतं ते तुला आठवत नाही का? त्याला ते खरोखर उत्तर वाटत होतं. मी मुलीला घेऊन जिना उतरले. बसमध्ये नवरा हळूच म्हणाला, सणाच्या दिवशी मारायला नको होतंस. मी त्याच्याकडेही बघितलं नाही.

त्यानंतर मी त्या घरात गेले नाही. धारची माणसं अजून सांगतात की हिच्या तापट नवऱ्याने हिचं माहेर तोडलं. नवराही ते ऐकून मान खाली घालतो. मी कोणाला दुरुस्त करत नाही. दुरुस्त करायचं तर माझ्या भावाने मला मरू दिलं असतं, हे माझ्या तोंडाने म्हणावं लागेल.