गुण्याचं पार्टिशन

काटकोन तपासायच्या हत्याराला सुतार गुण्या म्हणतात. बरोबरच्या सुतारांनी याचंही नाव गुण्याच पाडलं होतं, कारण केसभर वाकडं काही त्याला खपायचं नाही. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला, तरी आधी टेबलाचा पाय हलवून बघायचा आणि मग यजमानाची खुशाली विचारायचा. आता पंचाहत्तरी उलटली होती. हात थरथरायचे, पण जिभेची धार काही बोथट झाली नव्हती.

जन्मभर केलेल्या कामांत त्याला अभिमान एकाच कामाचा होता. एका नामांकित आर्किटेक्टने बांधलेल्या बंगल्यात तो कित्येक वर्षं भाडेकरू होता. मूळ मालक गेल्यावर बंगल्यात बिऱ्हाडं भरली आणि वरचा लांबलचक दिवाणखाना दोन कुटुंबांत वाटला गेला. मध्ये जाडजूड पडदा, तोही कायम ओढलेला. त्यात बायको अंथरुणाला खिळली. पलीकडच्यांची ये-जा, त्यांची भांडणं, सगळं तिच्या उशाशी. गुण्याने पदरमोड करून फळ्या आणल्या आणि जमिनीपासून छतापर्यंत पार्टिशन उभं केलं. सांधे असे बसवले की पलीकडचा शब्दही ऐकू येईना. "आता माणसात आल्यासारखं वाटतं," बायको म्हणाली होती. त्याच आडोशाला काही वर्षांनी ती गेली.

गुण्याच्या वाट्याच्या अर्ध्या भागाला एक झरोका तेवढा होता. दिवसाढवळ्या दिवा लावायला लागायचा. "एवढं नाव आणि घर बांधलंय अंधारकोठडी," असं म्हणून गुण्या त्या आर्किटेक्टचा उद्धार करायचा.

पुढे भाडेकरू उठले, बंगला मुळात होता तसा दुरुस्त करून लोकांना बघायला खुला झाला आणि गुण्याच्या धाकट्या मुलीला तिथेच देखरेखीची नोकरी लागली. "माझं पार्टिशन ठेवलंय का गं?" हे त्याचं पालुपद. मुलगी उडवाउडवी करायची. आज गर्दी आहे, उद्या साहेब येणार आहेत. फारच खनपटीला बसला तर, "नेईन एखाद्या सकाळी." असं करता करता वर्ष गेलं. बापाची हिला लाज वाटते, असं त्याने मनात धरलं आणि ते त्याला आतून पोखरू लागलं.

शेवटी एका दुपारी कुणाला न सांगता तो तिकीट काढून आत गेला.

मुलगी दिवाणखान्याच्या दारातच उभी होती. त्याला बघताच तिचा चेहरा उतरला. "बाबा, आत्ता कशाला आलात? चला, खाली बसू."

"का? तिकीट काढलंय, फुकट नाही आलो." तिला बाजूला सारून तो आत शिरला.

पार्टिशन नव्हतं. खिळ्याचं भोकसुद्धा शिल्लक नव्हतं. ओठांवर आलेली शिवी मात्र तिथेच राहिली. पूर्वी पलीकडच्या बिऱ्हाडाकडे असलेल्या पश्चिमेच्या उंच खिडक्यांतून ऊन आलं होतं आणि अख्खा दिवाणखाना ओलांडून पार समोरच्या भिंतीपर्यंत पोचलं होतं. त्याच भिंतीला लागून बायकोची खाट असायची.

गुण्या कसाबसा खाली बसला. जमिनीला हात लावला. ऊबदार होती.

"हे रोज येतं?"

"हो. दुपारी येतं, दिवस मावळेपर्यंत असतं."

"ती कुडकुडायची गं इथे. दोन-दोन पांघरुणं घालायचो मी." तो जमीन चाचपत राहिला. "पडदा निदान सरकवता तरी आला असता. मी फळ्या ठोकल्या."

"आडोसा आईनेच मागितला होता, बाबा."

"मागितला होता. पण पलीकडे ऊन आहे हे तिला कुठे ठाऊक होतं?"

गुण्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"म्हणून सकाळी नेते म्हणत होतीस?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"म्हणजे वर्षभर हे रोज एकटीच बघत होतीस."

इथे कुणाला खाली बसू द्यायचं नाही, हेच तिचं काम होतं. ती त्याच्याशेजारी जमिनीवर बसली आणि हमसून हमसून रडू लागली.