गयाबाईंचा रजिस्टर्ड नंबर

"आजी, तुमचा फीडबॅक तर 'अतिशय समाधानी' आहे," साहेब कॉम्प्युटरकडे बघत म्हणाले. "मग तक्रार कशाची?"

समोर गयाबाई उभ्या होत्या. नवऱ्याजवळ शेजारणीला बसवून, उमापूरकडच्या वस्तीवरून काळीपिवळी जीपने गेवराईला आल्या होत्या. नवरा लकव्याने अंथरुणाला खिळलेला, मुलगा-सून ऊसतोडीला गेलेले. अशा घरांत आमची संस्था अटेंडंट पाठवते. त्याने रोज जायचं, पेशंटचं अंग पुसायचं, कूस बदलायची, पाठ तपासायची. मी या अटेंडंटांची सुपरवायझर. गयाबाईंकडे किसन जायचा. साहेब नुकतेच मॅनेजर म्हणून आलेले.

"त्यो किसन चार-चार दिस फिरकत न्हाई, ताई," गयाबाई माझ्याकडे वळल्या. "ह्यांच्या पाठीला भोक पडाय लागलंय. इचारलं तर म्हंतो, फुकटात मिळतंय, कावून बोंबलता?"

माझं डोकंच सणकलं. पाठीला भोक म्हणजे बेडसोर. माणूस एकाच कुशीवर पडून राहिला की दाबाने कातडी मरते आणि जखम आत आत जात राहते. दुर्लक्ष झालं तर जीवही जातो.

साहेबांचा विश्वास मात्र स्क्रीनवर. "हेड ऑफिस यांच्या रजिस्टर्ड नंबरवर दर महिन्याला फोन करतं. दर वेळी उत्तर चांगलंच आहे."

"कुटला नंबर? माज्याकडं फोनच न्हाई."

मला संशय आला.

"सर, त्या नंबरवर तुम्हीच फोन लावा. स्पीकरवर ठेवा."

साहेबांनी स्वतःच्या मोबाईलवरून लावला. "हेड ऑफिसमधून बोलतोय. गयाबाई आहेत का?"

"आई शेरडं घिऊन रानात गेलीय. मी त्यांचा मुलगा. सेवा एक नंबर हाय, साहेब! रोज मलमपट्टी. बाबा लई खूश हायेत."

आवाज किसनचा होता. मी तोंड उघडायच्या आत गयाबाई टेबलावर वाकल्या.

"आरं माज्या लेकरा! मग बापाच्या पाठीला मलम लावाय ये की! कवाची वाट बगतोय त्यो!"

फोन कट झाला. दाराशी शिपाई पोट धरून हसत होता. साहेबांचे कान लाल झाले. मला तर गयाबाईंना कडकडून मिठी मारावीशी वाटली, आणि मी मारलीही.

झालं होतं ते असं. घरात फोन नाही, म्हणून नोंदणीच्या वेळी किसनने स्वतःचाच नंबर दिला होता. किसनचं काम कसं आहे हे विचारायला फोन जायचा, तो किसनलाच.

साहेबांनी लगेच जीप काढली. नर्सला घेऊन आम्ही वस्तीवर गेलो. जखम वाईट होती, पण हाडापर्यंत पोचली नव्हती. किसनला कामावरून काढलं. नव्या अटेंडंटने एक दिवसही चुकवला नाही. मुलगा-सून ऊसतोडीवरून परतले तेव्हा जखम भरून आली होती आणि म्हातारबुवा अंगणातल्या बाजेवर उशीला टेकून बसून शेरडांना शिव्या घालत होते. इतक्या गोड शिव्या मी आयुष्यात ऐकल्या नाहीत.

सेवा नीट मिळत नसेल तर ती देणाऱ्याच्याच विनवण्या करत बसू नका. त्याच्या वरच्याला गाठा. काय झालं नाही ते सांगा आणि उत्तर घेऊनच उठा. माझ्यापुरतं म्हणाल तर ज्या घरातून कधीच तक्रार येत नाही, त्या घरी आता मी सगळ्यात आधी जाते.